'आपण जिंकलो' म्हणजे नक्की कोण? : खंडानंतरच्या फुटबॉल-लेखनाचा एक छोटा अभ्यास

मंडळाच्या अभ्यासवर्गात यंदा प्रत्येकाने स्वतःचंच जुनं लेखन आणून त्याची भाषा तपासायची, असं ठरलं. कुणी कविता आणल्या, कुणी डायऱ्या. माझ्याकडे फुटबॉलची वही होती. दोनशे पानी, मागच्या बाजूने अकरावीच्या अकाउंट्सची गणितं असलेली. रात्री मॅच बघायची, झोपण्याआधी तिचं वर्णन मराठीत लिहायचं आणि सकाळी त्या पानाचा फोटो धारला मामेभावाला पाठवायचा. तो शेरे मारून परत पाठवणार. वाचकसंख्या एक, संपादक तोच.

माझं घर देवासचं. इंदूरच्या एका बाजूला देवास, दुसऱ्या बाजूला धार. दोन्ही पवारांची संस्थानं. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन. त्यामुळे आमच्यासारखी मराठी घरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि माळवी. पण ज्याच्यासाठी घसा फोडावा असा फुटबॉलचा संघ आम्हाला दोघांनाही जवळपास दिसत नव्हता. मग भावाने लिव्हरपूल धरलं आणि मी मुंबई सिटी. मुंबई का, तर 'मराठी संघ' म्हणून. (बिपिन सिंग मणिपूरचा, मंदार राव देसाई गोव्याचा, प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा स्पेनचे. अमेय रानवडे हे नाव सापडलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता!)

तर ही वही १४ मार्च २०२० ला थांबते. त्या दिवशी फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगची फायनल रिकाम्या स्टेडियममध्ये झाली, एटीकेने चेन्नईयिनला ३-१ हरवलं. आदल्याच दिवशी इंग्लंडची प्रीमियर लीग स्थगित झाली होती. भावाची अवस्था वाईट होती. लिव्हरपूल तीस वर्षांनी लीग जिंकायच्या बेतात, २५ गुणांनी पुढे, आणि खेळच बंद. एप्रिलमध्ये नेदरलंड्सने आपली लीग विजेत्याविनाच संपवून टाकली, तेव्हा त्याने मला फक्त एक रडका चेहरा पाठवला.

त्याची भीती अगदीच खुळी नव्हती, हे मला पुढे मुंबईत आल्यावर कळलं. बंद पडलेली प्रत्येक स्पर्धा परत येतेच असं नाही. १८८८ पासूनचा ड्युरँड कप २०१७ आणि २०१८ मध्ये झाला नाही आणि २०१९ ला परतला. आपल्या मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ पासूनचा. हैदराबाद सिटी पोलिसांनी तो १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा नेला होता. २०००-०१ नंतर तो झालाच नाही. कूपरेजवरून कितीदा तरी जातो आपण, पण तिथे काय थांबलंय हे बघून कुणाला कळणार?

आता वहीकडे. खंडानंतरचं पहिलं पान १६ मे २०२० चं आहे. जर्मनीची बुंडेसलीगा त्या दिवशी सुरू झाली. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते, डॉर्टमुंड विरुद्ध शाल्के. हे पान वाचताना मला आज लाज वाटते. पहिला अख्खा परिच्छेद 'गेले दोन महिने' याच्यावर आहे. मी काय केलं, घरात कसं कोंडल्यासारखं झालं, टेकडीवर देवीच्या दर्शनालाही जाता आलं नाही, जुन्या मॅचेस किती वेळा पाहिल्या. फुटबॉल पान उलटल्यावर सुरू होतो. भावाचा शेरा: "हे सगळं मला माहीत आहे. गोल कोणी मारला?"

गोल हालांडने मारला होता. डॉर्टमुंड ४-० ने जिंकलं.

आमच्या वर्गात या शेऱ्यावर बराच वेळ चर्चा झाली. खंड पडला की लिहिणाऱ्याला वाटतं, आधी खंडाचा हिशेब द्यायला हवा. खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाशी आपण बोलतो ना, तसं. पण हा खंड एकट्या लेखकाचा नव्हता, वाचकही त्याच खंडात बसलेला होता. त्याला हवा होता तो खेळ. मी तर उलट म्हणेन की खंडानंतरचं पहिलं वाक्य एखाद्या साध्या मंगळवारी लिहावं तसं लिहावं. खंड त्यात आपोआप उतरतो. त्याच पानाच्या तळाशी माझंच एक वाक्य आहे: "मॅच संपल्यावर डॉर्टमुंडची पोरं रिकाम्या दक्षिण स्टँडसमोर जाऊन उभी राहिली आणि तिथे कोणी नसताना हात वर केले." एरवी त्या स्टँडमध्ये जवळजवळ पंचवीस हजार माणसं उभी असतात. वरचा परिच्छेद वाया गेला. दोन महिन्यांचं काय ते या एका वाक्यात आलं होतं. पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. मार्चआधीची पानं उघडली की 'प्रचंड जल्लोष', 'स्टेडियम दणाणून गेलं' असले शब्द जागोजागी. सगळे ऐकीव, वर्तमानपत्रातून उचललेले. मेनंतरच्या पानांवर ते नाहीत, कारण दणाणायला कोणी नव्हतंच. त्यांच्या जागी आलंय: "बॉलचा ठप्प आवाज", "खांबाला लागून खण्ण", "बेंचवरून कोणीतरी सारखं ओरडतंय, भाषा कळत नाही पण वैतागलाय हे कळतं". गर्दी गेली तेव्हा मला खेळ ऐकू यायला लागला. देवासची असल्यामुळे इथे कुमार गंधर्वांची आठवण येतेच. क्षयाने आजारी होऊन ते १९४८ साली देवासला आले, काही वर्षं गाणं बंद होतं. पडून असताना माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली, आणि पुन्हा गायला लागले तेव्हा त्या धुना त्यांच्या गाण्यात होत्या. माझ्या वहीची त्या गाण्याशी तुलना करायचा आगाऊपणा मी करत नाही. पण गप्प बसलेल्या काळात कान चालू असतात, एवढं मात्र खरं.

नंतर टीव्हीवाल्यांनी प्रेक्षकांचा नकली आवाज घातला. प्रीमियर लीगने तर तो फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधून घेतला होता. १७ जूनला लीग परतली, रात्री साडेदहाला, अ‍ॅस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड. व्हिलाचा गोलकीपर बॉल हातात धरून सरळ गोलरेषेच्या आत गेला आणि तरी गोल दिला गेला नाही. रेफ्रीच्या मनगटावरचं घड्याळ वाजलंच नाही. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर माणसं आडवी आली होती. मॅच ०-०. वहीत एवढंच लिहिलंय: "गोलमागे पब्लिक असती तर घड्याळाची गरज पडली असती का?" प्रश्न जरा बाळबोध आहे, रेफ्री काही पब्लिकला विचारून गोल देत नाही. पण अख्ख्या वहीत मला हीच ओळ सगळ्यात आवडते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. इंग्रजीत ही सोय नाही. पुस्तकी हिंदीतही 'हम' एकच, पण आमच्याकडच्या बोलण्यातल्या हिंदीत 'अपन' आहे: 'अपन चलते हैं'. त्यामुळे हा फरक देवासकराच्या कानात पक्का असतो. क्रियापदं मात्र आमची हिंदीकडे झुकलेली. आम्ही 'जिंकलो' म्हणत नाही, 'जिंकून गेलो' म्हणतो. मुंबईत पहिल्या आठवड्यात यावरून मला भरपूर ऐकून घ्यावं लागलं.

२५ जून २०२० ला चेल्सीने मँचेस्टर सिटीला हरवलं आणि लिव्हरपूल घरबसल्या विजेते झाले. धारमध्ये रात्रीचे अडीच वाजून गेले होते. भावाचा मेसेज: "आपण जिंकून गेलो!!" मी लिव्हरपूलची नाही, पण मला तो 'आपण' खटकला नाही. १३ मार्च २०२१ ला मडगावच्या रिकाम्या स्टेडियममध्ये मुंबई सिटीची फायनल होती. अमेय रानवडेला डोक्याला मार लागून बाहेर न्यावं लागलं. १-१ असताना अगदी नव्वदाव्या मिनिटाला ओगबेचेने बॉल दिला, बिपिनने तो जाळ्यात घातला, २-१. तेव्हा मीही धारला हेच लिहिलं: "आपण जिंकून गेलो." त्या मोसमातल्या सगळ्याच मॅचेस गोव्यात, प्रेक्षकांविना झाल्या. म्हणजे अंधेरीत राहणारा माणूसही मोबाइलवर बघत होता आणि देवासची मीही. मैदानापासून सगळे सारखेच लांब होते. त्या एका वर्षात 'आपण' म्हणायचा माझा हक्क कोणीही तपासला नाही.

तो तपासला गेला कॉलेजात. वर्गात शिवाजी पेठेतला एक कोल्हापूरकर आहे. कोल्हापुरात तालमींचे संघ असतात, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस समोरासमोर आले की शहरात दुसरा विषय नसतो. तिथल्या दैनिकांतल्या बातम्या मी त्याच्यामुळेच वाचायला लागले: पूर्वार्ध, उत्तरार्ध, बचावफळी, मैदानी गोल, टायब्रेकर. सरळ, घट्ट मराठी. फुटबॉलला मराठी नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा वाचावीच. तर हा एका सोमवारी म्हणाला, "काल आम्ही जिंकलो." अगदी बिनचूक मराठी. त्या 'आम्ही'त पेठ होती, मी नव्हते. मी त्याला ऐटीत सांगितलं, "आपण पण आयएसएल जिंकलीय." तो म्हणाला, "आपण? मी कुठं होतो? आणि तू तरी कुठं होतीस?"

घरी, असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

वर्गात आम्ही एक प्रयोग केला, तुम्हीही करून बघा. बिपिनच्या गोलचं वर्णन तीनदा लिहायचं, एकदा 'आपण' वापरून, एकदा 'आम्ही', एकदा 'मुंबई सिटीने'. फक्त सर्वनाम बदलायचं असं ठरवून बसलो, पण तसं होत नाही. 'मुंबई सिटीने' लिहिलं की मिनिट, पास, गोलसंख्या ही माहिती आपोआप पुढे येते. 'आम्ही' लिहिलं की कुठे उभे होतो, शेजारी कोण होतं हे सांगावंच लागतं, नाहीतर वाक्य लटकं पडतं. आणि 'आपण'ला यातलं काहीच लागत नाही. म्हणून तो सगळ्यात सोपा, आणि खंडानंतर सगळ्यात धोक्याचा. कारण खंड संपल्यावर माणसं आपापल्या जागी परत जातात, कोणी स्टँडमध्ये, कोणी पडद्यासमोर, आणि 'आपण' मात्र जुन्या सवयीने सगळ्यांना एकाच ठिकाणी बसवून ठेवतो.

ऑक्टोबर २०२२ पासून अंधेरीच्या मैदानावर मॅचेस परत सुरू झाल्या, प्रेक्षकांसकट. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा गेले. एकटीच. वेस्ट कोस्ट ब्रिगेड हा चाहत्यांचा गट गाणी म्हणत होता, ढोल वाजत होता, आणि मला एकही गाणं येत नव्हतं. तोंड हलवत उभी होते. वहीत 'दणाणून गेलं' हा शब्द कितीदा लिहिला होता, पण तो छातीत वाजतो हे तिथे समजलं. शेजारी एक काका होते, त्यांनी पिशवी खाली ठेवून जागा केली. "पहिल्यांदा का? ये इकडे, आपण इथे उभं राहू, खांब आडवा येत नाही." त्यांनी 'आपण' म्हटलं, मी नाही.

त्या रात्री होस्टेलवर बसून पान लिहिलं. पहिलं वाक्य गोलचंच होतं, एवढं शिकले होते. पण पुढे सगळीकडे 'आम्ही': आम्ही ओरडलो, आम्ही उभे राहिलो, शेवटच्या पाच मिनिटांत आमचा श्वास अडकला होता. सकाळी फोटो धारला पाठवला. नेहमीसारखे शेरे आले नाहीत. दुपारी एवढंच आलं:

"आम्ही? मी पण बघत होतो ना. पूर्ण मॅच."

अभ्यासवर्गात तेच पान मी सगळ्यांसमोर ठेवलं. त्यावर पेनने 'आम्ही' खोडून वर 'आपण' केलेलं आहे, काही ठिकाणी. 'आम्ही ओरडलो' मात्र तसंच ठेवलंय, कारण ओरडलो ते आम्हीच. आणि श्वासवाल्या वाक्यात दोन्ही शब्द एकावर एक लिहिलेले आहेत, कुठला ठेवायचा ते अजून ठरलेलं नाही. या दिवाळीला तो धारहून मुंबईला येणार म्हणतोय. मी दोन तिकिटांचे पैसे बाजूला ठेवले आहेत.