‘इन’ने आरंभ होणारे इंग्रजी शब्द : नकार कोठे, प्रवेश कोठे?

पेट्रोल वाहून नेणाऱ्या टँकरच्या पाठीमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ ही अक्षरे रंगविलेली पुष्कळांनी पाहिली असतील. ‘इन’ म्हणजे ‘नाही’ असा पाठ गिरविलेल्या विद्यार्थ्यास या शब्दाचा अर्थ विचारल्यास, ‘पेट न घेणारे’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. वस्तुतः अर्थ नेमका उलट, म्हणजे ‘चटकन पेट घेणारे’ असा आहे. उपसर्गाचा अर्थ चुकला तर प्रसंगी जिवावर बेतू शकते. म्हणूनच या दोन अक्षरांचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

दोन उपसर्ग, एक रूप

लॅटिन भाषेतून इंग्रजीत दोन निरनिराळे ‘इन’ आले. पहिला नकारवाचक. ‘इनव्हॅलिड’ म्हणजे अवैध, ‘इनएलिजिबल’ म्हणजे अपात्र, ‘इनकम्प्लीट’ म्हणजे अपूर्ण. दुसरा ‘आत’ किंवा ‘कडे’ हा अर्थ दर्शवितो. ‘इन्स्पेक्शन’ म्हणजे आत डोकावून पाहणे, अर्थात तपासणी. ‘इन्फ्लेमेबल’मधील ‘इन’ याच दुसऱ्या प्रकारचा असून ‘ज्वालेत जाणारे’ असा त्याचा मूळ भाव आहे. ‘इन्कम’ हा शब्द इंग्रजीचा स्वतःचा असला तरी त्याचाही अर्थ ‘आत येणारे’, म्हणजे उत्पन्न, असाच होतो.

मराठी वाचकास हा प्रकार अपरिचित नाही. ‘अनुचित’ आणि ‘अनुदान’ या शब्दांची आरंभीची अक्षरे सारखीच आहेत. परंतु ‘अनुचित’मध्ये ‘अन्’ अधिक ‘उचित’ असा नकार आहे, तर ‘अनुदान’मध्ये ‘अनु’ हा उपसर्ग आहे. ‘अनुपस्थित’ व ‘अनुक्रम’ ही जोडीही तशीच. इंग्रजीतील नकारवाचक ‘इन’ आणि संस्कृतातील ‘अन्’ हे तर एकाच प्राचीन मुळापासून आलेले आहेत.

बदललेली रूपे

पुढील अक्षरानुसार ‘इन’चे रूप बदलते. ‘उत्’ अधिक ‘लेख’ यांचा ‘उल्लेख’ व्हावा, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे ‘इल्लीगल’ म्हणजे बेकायदेशीर, ‘इम्पॉसिबल’ म्हणजे अशक्य आणि ‘इर्रेग्युलर’ म्हणजे अनियमित. मात्र ‘इम्पोर्ट’ म्हणजे आत आणणे, आयात. आणि ‘इरिगेशन’ म्हणजे शेतात पाणी देणे, सिंचन. या दोहोंत नकार नाही.

कागदपत्रांतील काही शब्द

बँकेच्या पासबुकावर ‘इनऑपरेटिव्ह’ असा शेरा आढळल्यास खाते बुडाले असे समजू नये. खातेदाराने दोन वर्षांहून अधिक काळ कोणताही व्यवहार न केल्यास खात्यास ही संज्ञा लावतात. रक्कम खातेदाराचीच राहते व ओळखीची कागदपत्रे सादर करून खाते पुन्हा चालू करता येते.

‘इंडेम्निटी बाँड’ या शब्दातही नकारच आहे. तो मात्र ‘हानी नाही’ असा. सही करणारा मनुष्य दुसऱ्याचे नुकसान भरून देण्याची हमी त्याद्वारे देतो. म्हणून मजकूर समजून घेतल्यावाचून त्यावर सही करू नये.

‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे निरुपयोगी नव्हे, तर अमूल्य. ज्याचे मोल करता येत नाही असे.

ओळखावे कसे?

आरंभीची अक्षरे झाकून उरलेला शब्द वाचावा, अशी रीत शिक्षक सांगतात. ‘व्हॅलिड’, ‘एलिजिबल’, ‘लीगल’ या शब्दांच्या बाबतीत ती उपयोगी पडते. परंतु जेथे धोका अधिक तेथेच ती फसते, कारण ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ यांचा अर्थ एकच आहे. हा घोटाळा टाळण्यासाठी ब्रिटनच्या मानक संस्थेने 1959 साली ‘फ्लेमेबल’ याच शब्दाचा पुरस्कार केला. पेट न घेणाऱ्या पदार्थास ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. आपल्याकडे जुना व नवा असे दोन्ही शब्द दृष्टीस पडतात. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी चिन्ह पाहावे. कोपऱ्यावर उभा केलेला लाल चौकोन व त्यात ज्वाला, ही ज्वालाग्राही द्रवाची आंतरराष्ट्रीय खूण होय.

शिक्षकांनी फळ्यावर ‘नकार’ व ‘प्रवेश’ असे दोन रकाने आखून, मुलांनी घरातील डबे, औषधांच्या बाटल्या व कागदपत्रे यांवरून उतरवून आणलेले शब्द त्यांत भरून घ्यावेत. कार्यालयांनीही इंग्रजी शेऱ्याखाली त्याचा मराठी अर्थ लिहिल्यास ग्रामस्थांची मोठी सोय होईल. आणि डब्यावरील शब्दाविषयी किंचितही शंका असल्यास, तो पदार्थ पेट घेणारा आहे असे समजूनच चूल, दिवा व विडी यांपासून दूर ठेवावा, यातच शहाणपण आहे.