सापडलेली वस्तू आणि अपहाराचा गुन्हा

रस्त्यात पडलेली वस्तू उचलणे हा गुन्हा नव्हे. चोरी आणि अपहार यांत कायद्याने जो भेद केला आहे, तो समजून घेण्यास येथूनच आरंभ करावा. चोर दुसऱ्याच्या ताब्यातील वस्तू त्याच्या संमतीवाचून हलवितो. हात लावतानाच त्याची बुद्धी दूषित असते. अपहारात मात्र वस्तू हाती येते ती बहुधा निर्दोष मार्गाने. ती सापडलेली असते, चुकून आलेली असते, अथवा स्नेह्याने वापरावयास दिलेली असते. पुढे ती आपलीच करून टाकावी असे मनात येते, तसे वर्तन घडते आणि त्या क्षणी गुन्हा पुरा होतो. विद्यार्थ्यांस हा भेद कळणे कठीण जाते, कारण ‘मी चोरली नाही, मला सापडली’ हे उत्तर त्यांस पुरेसे वाटते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत हा गुन्हा कलम ४०३ मध्ये सांगितला होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून आता तो कलम ३१४ मध्ये आहे. पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. म्हणजे केवळ दंडावर सुटका होणे शक्य होते. नव्या कलमात किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे कैद आणि शिवाय दंड आहे.

समजा, मंचरच्या एस.टी. स्थानकावर एका मुलास पाकीट सापडले. आत काही नोटा आणि घोडेगावच्या एका गृहस्थाचे ओळखपत्र आहे. पाकीट जपून ठेवावे, मालकास परत करावे, या हेतूने मुलाने ते घेतले तर तो निर्दोष आहे. परंतु मालक कोण हे ठाऊक असता, किंवा ते शोधण्याचे साधन हाती असता, त्याने त्यातील नोटा खर्च केल्या तर तो अपहार होय. आत ओळखपत्र नसते तर? तरीही वाजवी शोध करणे, मालकास कळेल अशी व्यवस्था करणे आणि त्यास मागणी करता यावी इतका वाजवी काळ वस्तू सांभाळणे प्राप्तच असते. ‘वाजवी’ म्हणजे किती, याचे माप कायद्याने दिलेले नाही. ते प्रत्येक प्रसंगावरून ठरते. रस्त्यात सापडलेल्या एका रुपयासाठी गावभर दवंडी पिटण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. सोन्याची अंगठी सापडताच सराफाकडे नेऊन विकणाऱ्यास मात्र ही सबब लाभत नाही. स्थानकावरील वाहतूक नियंत्रकाकडे चौकशी करणे व वस्तू पोलीस ठाण्यात देऊन नोंद करविणे, हा सर्वांत सरळ मार्ग.

सापडणाऱ्याच्या हिताचाही विचार कायद्याने केला आहे. १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणे, वस्तू जपण्यास व मालक शोधण्यास झालेल्या खर्चाची भरपाई मिळेपर्यंत त्यास वस्तू आपल्याकडे ठेवता येते. चुकलेली शेळी कोणी चार दिवस चारली तर हा नियम उपयोगी पडतो. नारायणगावच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाडीतून टोमॅटोची पेटी पडली, योग्य प्रयत्न करूनही मालक मिळाला नाही, आणि माल नासण्याच्या बेतात आला, तर तो विकण्याचीही मुभा आहे. अर्थात त्यामुळे विक्रीचा पैसा विकणाऱ्याच्या मालकीचा होत नाही.

हा गुन्हा केवळ जंगम मालमत्तेचा आहे. शेजाऱ्याचा बांध कोरणे, ही आपल्याकडील जुनी खोड कितीही निंद्य असली, तरी ती या कलमात बसत नाही. सामाईक विहिरीवरील मोटर एका भावाने वापरली तर तो त्याचा हक्कच. परंतु ती विकून सर्व पैसा स्वतःच घेतला तर अपहार होऊ शकतो.

शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी बाब निराळी आहे. तात्पुरता अपहार हाही अपहारच, असे कलमाच्या स्पष्टीकरणात सांगितले आहे. शिवनेरीच्या सहलीसाठी मुलांकडून जमविलेली रक्कम घरखर्चास वापरावयाची आणि पगार होताच भरावयाची, हा विचार कित्येकांस निरुपद्रवी वाटतो. पैसे परत केल्याने शिक्षा कदाचित सौम्य होईल, घडलेला गुन्हा पुसला जात नाही. शिवाय अशी रक्कम, किंवा शालेय पोषण आहाराचा तांदूळ, विश्वासाने सोपविलेला असतो. त्यामुळे तेथे फौजदारीपात्र न्यासभंगाचे कलम ३१६ लागते, आणि लोकसेवकास त्यात दहा वर्षांपर्यंत किंवा आजन्म कारावासाची शिक्षा आहे. हिशेबवहीत नोंद करावयास विसरणे किंवा भरणा करण्यास विलंब होणे, एवढ्यानेच मात्र गुन्हा होत नाही. अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो. प्रामाणिक परंतु गबाळ्या माणसास धाक घालण्यासाठी हे कलम नाही. तरी त्याने वही नीट ठेवलेली बरी.

जुन्नर हे सातवाहनकाळापासूनचे नगर. येथील भूमीत प्राचीन नाणी मिळाली आहेत. नांगराच्या फाळास असे काही लागले तर निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. जमिनीत दडलेला व दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते. चौकशीअंती तो बेवारस ठरला, व शासनाने स्वतः संपादन केला नाही, तर सामान्यतः तीन चतुर्थांश भाग सापडणाऱ्यास आणि उरलेला जमिनीच्या मालकास मिळतो. लपवून ठेवणारा हा हिस्सा गमावतो आणि वर शिक्षेसही पात्र होतो.

मृताच्या मालमत्तेविषयी कलम ३१५ स्वतंत्र आहे. त्याचे कारण सूक्ष्म आहे. चोरी ही दुसऱ्याच्या ताब्यातून होते आणि मृताचा ताबा नसतो. वारसांच्या हाती वस्तू पडेपर्यंत ती जणू कोणाच्याच ताब्यात नसते. ही पोकळी कलमाने भरून काढली आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. एस.टी.च्या चालकास गावाच्या जागी चिखल दिसला, तेव्हा बाहेरच्या जगास वार्ता कळली. दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि पुढे कित्येक दिवस ढिगारा उपसणे चालू होते. अशा चिखलातून निघालेले मंगळसूत्र, पेटी अथवा एखादे भांडे पाहून, याचा धनी आता उरला नाही, असे कोणास वाटू शकेल. कायदा तसे मानीत नाही. वारस सासुरवाशीण मुलगी असो वा मुंबईस कामाला गेलेला मुलगा असो, तो सापडेपर्यंत वस्तू त्याच्यासाठी राखून ठेवावयाची असते. तिचा अपहार करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दंड, आणि तो मृताचा कारकून वा नोकर असेल तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.