आनंदवृक्षाची साल

चीनमध्ये एक उंच, सरळ वाढणारा वृक्ष आढळतो. तेथील लोक त्याला ‘आनंदवृक्ष’ म्हणतात. नाव असे प्रसन्न. परंतु त्याच्या सालीत जहाल विष आहे! त्याच विषापासून आज कर्करोगावरील औषधे तयार होतात, आणि ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे करणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक आपल्या खानदेशातील होते.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते पुढे अमेरिकेस गेले. तेथे मन्रो वॉल यांच्यासमवेत त्यांनी या वृक्षाचा अभ्यास आरंभिला. साल व लाकूड यांचा अर्क काढावयाचा, त्याचे भाग वेगळे करावयाचे, प्रत्येक भाग रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर पारखावयाचा आणि जो गुणकारी ठरेल त्याचे पुन्हा भाग पाडावयाचे, असे ते चिकाटीचे काम होते. १९६६ साली त्यांनी ‘कॅम्प्टोथेसिन’ हे द्रव्य जगापुढे ठेवले.

पण रोग्यांना ते देताच मूत्राशयातून रक्त जाऊ लागले, जुलाबांनी रोगी हैराण झाले. प्रयोग थांबवावे लागले.

१९८५ साली या विषाची युक्ती उमगली. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएच्या धाग्याचा पीळ सैल व्हावा लागतो. एक विकर तो धागा कापते, पीळ सोडविते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी अडकून बसते. धागा जुळत नाही आणि पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या कर्कपेशींना याचा तडाखा अधिक बसतो. मात्र आतड्यांतील निरोगी पेशीही झपाट्याने वाढतात, म्हणूनच ते जुलाब! मग रसायनशास्त्रज्ञांनी या द्रव्याच्या रचनेत फेरफार करून नवी औषधे घडविली. त्यांतील दोन १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली. ती आतडे, अंडाशय इत्यादींच्या कर्करोगांवर वापरतात.

यकृताचा कर्करोग मात्र हट्टी आहे. शरीरात आलेली विषे निकामी करणे हा यकृताचा धर्मच होय. त्यामुळे तेथील कर्कपेशी पुष्कळदा औषधही निकामी करून टाकतात. चीनमध्ये याच कुळातील एक द्रव्य त्या रोगावर वापरले गेले. तरी त्याने रोग जिंकला, असे म्हणता येत नाही. शोध चालूच आहे.

हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील एका झाडातही आहे. त्याच्या दुर्गंधीमुळेच की काय, आपण त्याला ‘नरक्या’ म्हणतो! परदेशातील मागणीपायी त्याची चोरटी तोड होते, आणि अनेक ठिकाणी ते झाड आता शोधूनच काढावे लागते.