पाचवा भिडू

डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्याची गत काय असते, ते आल्याशिवाय कळत नाही. आम्ही येतो तोवर कॉलेज सुरू होऊन महिना झालेला असतो, ग्रुप तर त्याआधीच्या वर्षीच पडलेले असतात, आणि आम्ही एम-थ्रीच्या नोट्स कुणाकडे मागायच्या या विवंचनेत! माझ्या विंगमध्ये काउंटर-स्ट्राइक खेळणारे पाच जण होते. टीमला लागतात पाचच. त्यामुळे सहाव्याची गरज शून्य. दोन आठवडे मी त्यांच्या खुर्च्यांमागे उभा राहून नुसता बघत होतो. मग एका रात्री स्वतःच्या लॅपटॉपवर काउंटर-स्ट्राइक २ उतरवून घेतला आणि एकटाच खेळायला बसलो. आपल्याकडे दरवर्षी माझ्यासारखे काही येतातच, त्यांच्यासाठी हा लेख.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी (स्टाफपैकी कुणी वाचत असेल तर) थोडक्यात सांगतो. १९९९ साली मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी 'हाफ-लाइफ' या गेममध्ये फेरफार करून काउंटर-स्ट्राइक बनवला. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतः बाजारात आणला. आत्ताची 'सीएस टू' ही आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली. ती फुकट खेळता येते, रँक हवी असेल तर मात्र प्राइम विकत घ्यावं लागतं. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने बॉम्ब लावायचा, दुसरीने अडवायचा. बॉम्ब लागल्यापासून ४० सेकंदांत फुटतो. निकामी करायला १० सेकंद लागतात, किट घेतलं असेल तर ५. आधी १३ राउंड जिंकेल ती टीम विजयी. एकदा मेलात की तो राउंड संपेपर्यंत गप बसून बघायचं.

मी पहिली चूक काय केली, तर थेट कॉम्पिटिटिव्हमध्ये उडी मारली. समोरचे चार भिडू एकमेकांचे दोस्त होते, हिंदीत गप्पा चाललेल्या. मी पाचवा. तीन राउंड सगळ्यात पुढे पळालो, तीनदा सगळ्यात आधी मेलो. "भाई, ये कौन है?" असा आवाज आला, मतदान झालं आणि मी बाहेर! हॉस्टेलमध्ये सहावा, इथे पाचवा. त्या रात्री गेम काढून टाकायचंच मनात होतं.

पुढे कळलं की हा त्रास गेम बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. व्हॅलोरंटच्या रँकवाल्या सामन्यात चौघांचा गट घेतच नाहीत. एकटे या, दोघे या, तिघे या, नाहीतर पूर्ण पाच. म्हणजे चौकडीत सापडलेला एकटा पाचवा उरतच नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये अशी सोय मला मिळाली नाही, तेव्हा आपली सोय आपणच करायची.

तर सुरुवात बॉटसोबत. लाज वाटून घेऊ नका, दार लावून घ्या हवं तर. मग डेथमॅच, तिथे मेलं की लगेच परत उभं राहता येतं आणि कुणी कुणाला बोलत नाही. मग कॅज्युअल. आणि नकाशा एकच धरा. मी डस्ट टू धरला. डेव्ह जॉन्स्टन यांनी २००१ साली केलेला हा नकाशा अजून खेळला जातो, आणि तो समजायला सोपा आहे. तीन आठवडे मी दुसरीकडे गेलोच नाही.

आता नेटवर्क. इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं! सगळे 'लॅग, लॅग' ओरडतात, पण कशाने ते बघत नाहीत. फायबरमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन ७,८००. भागा २०० ने. ३९ मिलिसेकंद झाले, आणि हे तर वाटेत एकही राउटर नाही, केबल सरळ गेली आहे असं धरून! कितीही महागाचा प्लॅन घ्या, यापेक्षा कमी पिंग सिंगापूरचा मिळणार नाही. व्हॉल्व्हचे सर्व्हर मुंबईतही आहेत. सेटिंगमध्ये 'मॅक्स ॲक्सेप्टेबल मॅचमेकिंग पिंग' असा एक आकडा आहे, तो कमी करून ठेवा, म्हणजे लांबच्या सर्व्हरवर फेकले जाणार नाही.

पण सरासरी पिंगपेक्षा त्याची उडी जास्त मारते. एका क्षणी ३०, पुढच्या क्षणी १८०. असले गेम यूडीपीवर चालतात, हरवलेलं पॅकेट परत मागवत बसत नाहीत. जेवून हात धुतल्यावर आलेल्या पोळीचा काय उपयोग? तसंच उशिरा आलेल्या पॅकेटचं. वाय-फायवर आणि रात्री नऊनंतर, जेव्हा अख्खी विंग सिनेमे उतरवत असते, तेव्हा ही उडी सगळ्यात वाईट. लॅनची केबल घ्या, जमलं तर दुपारी खेळा. (वॉर्डन सर, रविवारची दुपार म्हणतोय मी.)

खरी गोष्ट पुढे आहे. माईक.

मी मराठी मीडियमचा, तालुक्याच्या गावचा. वर्गात शंका विचारायची तर तीनदा मनात वाक्य जुळवणारा. हेडफोन लावून अनोळखी चार जणांशी बोलायचं म्हणजे घशाला कोरड. त्यामुळे महिनाभर माईक बंद. मग एका सामन्यात मी शॉर्टवर मेलो, मारणारा मला दिसला होता, आणि आमचा एक भिडू पाठ करून त्याच्याच दिशेने मागे सरकत होता. बटण कधी दाबलं गेलं ते कळलं नाही. "शॉर्ट, एक, लो." एवढंच. तो वळला, मारलं, राउंड आमचा. पलीकडून "नाइस कॉल" आलं. माझा आवाज खेडवळ आहे की काय, कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून मी फक्त तीन गोष्टी बोलतो: कुठे, किती, आणि कुणी जखमी आहे का. इंग्रजीची भीती असेल तर लक्षात घ्या, जागांची नावं पंधरा-वीस आहेत, बाकी आकडे. माईक नसेल तर माउसचं मधलं बटण दाबून जागा दाखवता येते. टीम चॅटमध्ये लिहिलं तर तुम्ही कुठे आहात तेही नावासोबत दिसतं. मेल्यावर मात्र बडबड नको. जिवंत भिडू पावलांचे आवाज ऐकत असतो. आणि कुणी शिव्या द्यायला लागला तर उत्तर न देता टॅब दाबून त्याला म्यूट करा. मी सुरुवातीला उत्तरं द्यायचो, त्या नादात निम्मे राउंड घालवले.

हरण्याबद्दल थोडं गणित. बहुतेक रेटिंगची मूळ कल्पना अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची, बुद्धिबळासाठी केलेली. त्यात दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून साधारण ७६ टक्के गुणांची अपेक्षा असते, फरक शून्य असेल तर ५०. सर्व्हर तर मुद्दाम बरोबरीचेच जोडायला बघतो. म्हणजे यंत्रणा नीट चालली की तुम्ही जवळपास निम्मे सामने हरणारच! हे मला आधी कळलं असतं तर सलग दोन हरल्यावर तिसरा "वसूल करायला" लावला नसता. एम-थ्रीची केटी त्या तिसऱ्या सामन्यांतच लागली, दोष द्यायला दुसरं कुणी नाही.

वेळ पाऊण तास धरा. मधेच निघालात तर बंदी बसते, पहिल्यांदा अर्ध्या तासाची, मग वाढत जाते, आणि मागे चार जण अडकतात. मेसची वेळ बघून सामना लावा.

एकट्याला आणखी एक धोका. चांगला खेळलात की कुणीतरी फ्रेंड रिक्वेस्ट पाठवतो, गोड बोलतो, मग "आमच्या टीमला मत दे" म्हणून लिंक देतो. तिथे लॉगिन केलंत की अकाउंट गेलं. बंदुकीचे रंग काढायच्या पेट्यांवरही पैसे घालू नका, तो सरळ सरळ मटका आहे.

पण सगळे तसे नसतात. "नाइस कॉल"वाल्याशी वर्षभर खेळतोय. तो कोइंबतूरला शिकतो, मेकॅनिकलला आहे, त्याचीही एक केटी आहे. चेहरा अजून बघितलेला नाही.

यंदाच्या डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांपैकी कुणाला शिकायचं असेल तर रविवारी दोन ते चार वरच्या मजल्यावरच्या कॉमन रूममध्ये या. बॉट लावून डस्ट टूच्या जागा फिरवून दाखवतो. माउस आपापला आणा, माझ्याकडे एकच आहे.