गाठीला आतून शेक

पाठ दुखू लागली की आपण गरम पाण्याच्या पिशवीने शेक देतो. पिशवी फार तापलेली असेल तर आधी कातडी पोळते. आतल्या स्नायूंपर्यंत ऊब पोचते ती मागाहून, आणि तीही थोडीच. आता समजा, ज्या जागी उष्णता हवी ती जागा शरीरात खोलवर आहे आणि तिच्याभोवती निरोगी, नाजूक भाग आहेत. तेथे शेक कसा द्यायचा? कर्करोगाच्या गाठीबाबत हाच प्रश्न शास्त्रज्ञांपुढे होता.

आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७° से. असते. पेशी काही काळ ४२° ते ४६° से. तापमानात ठेवल्या, तर त्यांतील प्रथिनांची घडी विस्कटते. पुष्कळ पेशी मरतात. ज्या उरतात त्यांना क्ष-किरणांसारख्या किरणांनी झालेली इजा नीट दुरुस्त करता येत नाही. म्हणून उष्णता ही किरणोपचाराची चांगली जोडीदार ठरते. पण निरोगी पेशीही उष्णतेने मरतातच. तेव्हा खरी अडचण उष्णता निर्माण करण्याची नाही. ती नेमकी गाठीतच निर्माण करण्याची आहे.

कण कसे तापतात?

१९५७ साली अमेरिकेतील गिलख्रिस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती सुचवली. कर्करोग लसिकाग्रंथींत पसरतो. तेथे लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पोचवावेत आणि बाहेरून सतत दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावावे. असे क्षेत्र शरीरातून आरपार जाते. कण तापतात आणि शेक आतून मिळतो!

आज यासाठी वापरतात ते कण १० ते २० नॅनोमीटरच्या आसपास असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. १२ नॅनोमीटरचे सुमारे ६०० कण ओळीने मांडावेत, तेव्हा कोठे रक्तातील एका तांबड्या पेशीची रुंदी भरते.

तुम्हांला इंडक्शनची शेगडी आठवली असेल. तिच्यावरील भांड्यात विद्युत्‌प्रवाहाचे भोवरे निर्माण होतात आणि मुख्यतः त्यांमुळे ते तापते. आपले कण मात्र इतके लहान असतात की त्यांत असे भोवरे जवळजवळ उठतच नाहीत. ते तापतात वेगळ्या कारणाने. असा प्रत्येक कण म्हणजे एक छोटा चुंबक. क्षेत्राची दिशा बदलली की त्याच्या चुंबकत्वाचीही दिशा बदलू पाहते. कधी कण जागच्या जागी राहून, तर कधी सबंध कणच द्रवात फिरून. पण ती क्षेत्राच्या थोडी मागे पडते. या ओढाताणीत खर्ची पडणारी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते. क्षेत्राची वारंवारता सेकंदाला एक लाख असेल, तर दिशा सेकंदात दोन लाख वेळा उलटते!

मग क्षेत्र हवे तेवढे जोरदार का करू नये? कारण आपले शरीरही विजेचे वाहक आहे. क्षेत्र फार तीव्र केले, तर विद्युत्‌प्रवाहाचे भोवरे निरोगी भागांतच उठतात आणि ते तापू लागतात. शेगडीवर जे उपयोगी, तेच येथे मर्यादा घालते.

रुग्णांवरील अनुभव

जर्मनीत हे उपचार रुग्णांवर करून पाहण्यात आले. मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा ही अतिशय घातक गाठ उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या ५९ रुग्णांवरील निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कण सुईने थेट गाठीत सोडले होते, आणि जोडीला किरणोपचार होता. गाठ पुन्हा आढळल्यापासून आयुर्मानाचा मध्यांक १३.४ महिने आला. म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक काळ जगले आणि निम्मे त्याहून कमी. त्या रोगात हा आकडा आशादायक होता. परंतु हे उपचार न घेतलेल्या रुग्णांचा गट शेजारी ठेवून तुलना केलेली नव्हती. म्हणून ‘रोग हटला’ असे त्यावरून म्हणता येत नाही. वर्तमानपत्रात असा आकडा दिसला की ‘कोणाच्या तुलनेत?’ हे विचारायची सवय लावून घ्या.

आणखीही अडचणी आहेत. कण गाठीत सर्वत्र सारखे पसरत नाहीत. वाहते रक्त उष्णता वाहून नेते. शरीरभर पसरलेल्या रोगाला सुई पुरी पडत नाही.

स्वतःच थांबणारा शेक

एका अडचणीवर मात्र सुंदर उपाय आहे. प्रत्येक लोहचुंबकीय पदार्थाचे एक ‘क्यूरी तापमान’ असते. त्याच्यावर पदार्थाचे हे चुंबकत्व नाहीसे होते. लोखंडासाठी ते ७७०° से. आहे. लँथॅनम, स्ट्राँशियम आणि मँगॅनीज यांच्या एका ऑक्साइडात प्रमाण बदलून ते ४५° से.च्या जवळपास आणता येते. असे कण तेथवर तापले की चुंबकत्व गमावतात आणि तापायचे थांबतात. इस्त्रीतील थर्मोस्टॅटच जणू कणात बसवला! मुंबईत पवईच्या आयआयटीतही अशा चुंबकीय कणांवर संशोधन झाले आहे.

करून पाहा: शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने घासून चुंबकित करा. ती टाचणी उचलते का, ते पाहा. मग शिक्षकांच्या देखरेखीखाली ती चिमट्यात धरून ज्योतीत लालभडक तापवा आणि पूर्ण निवू द्या. आता ती टाचणी उचलते का? वर दिलेल्या माहितीवरून कारण लिहा.