कोऱ्या जागेचे मोल

पुस्तक हाती घेतले, की वाचकाचे लक्ष प्रथम अक्षरांकडे व चित्रांकडे जाते. त्यांच्या सभोवती सोडलेली कोरी जागा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तथापि छापील पानाची सुबकता जितकी अक्षरांवर, तितकीच या कोऱ्या जागेवर अवलंबून असते.

शिशाच्या खिळ्यांनी छपाई होत असे, त्या काळी ही गोष्ट हातालाच जाणवे. खिळा म्हणजे मिश्रधातूचा लहानसा ठोकळा. त्याच्या माथ्यावर उलटे अक्षर उठविलेले असे. जुळारी असे खिळे एकेक करून ओळीत बसवी. दोन शब्दांमध्ये अंतर सोडावयाचे, तर तेथेही धातूचा तुकडा घालावा लागे. हा तुकडा खिळ्याहून बुटका असल्यामुळे त्याला शाई लागत नसे व कागदावर तेवढी जागा कोरी राही. दोन ओळींमध्ये पातळ पट्ट्या घालीत. सारांश, अक्षराप्रमाणे रिकामी जागाही जुळवावी लागे.

मुंबईचे जावजी दादाजी चौधरी हे लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामास लागले. पुढे १८६४ साली त्यांनी खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणूजी रावजी आरू या कसबी कारागिराची त्यांना साथ लाभली. निर्णयसागरचे देवनागरी खिळे रेखीवपणाबद्दल नावाजले गेले.

परंतु खिळे कितीही रेखीव असले, तरी ते दाटीवाटीने जुळविल्यास त्यांचे सौंदर्य लोपते. देवनागरी अक्षर हे जणू तीन मजली घर आहे. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार, तर खाली उकार. दोन ओळींत पुरेसे अंतर नसेल, तर वरच्या ओळीतील 'कु'चा उकार खालच्या ओळीतील 'कि'च्या वेलांटीवर आदळतो. मग वाचकाची दृष्टी अडखळते, ओळ चुकते आणि नव्याने वाचू लागलेले मूल कंटाळून पुस्तक मिटते.

मग प्रत्येक पुस्तकात ऐसपैस जागा का सोडीत नाहीत? कारण कागदाला पैसे पडतात. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून पुष्कळदा १६ पृष्ठे छापतात व त्याची घडी घालतात. तिला फर्मा म्हणतात. असे ६ फर्मे झाले, की ९६ पृष्ठे होतात. मजकूर १०० पृष्ठे भरला, तर उरलेल्या ४ पृष्ठांसाठी निराळी छपाई करावी लागते. अशा वेळी समास कापण्याचा व ओळी दाबण्याचा मोह होतो. परंतु आतला समास फार अरुंद केला, तर शब्द शिवणीत दडतात; बाहेरचा केला, तर वाचकाच्या अंगठ्याखाली झाकले जातात. म्हणून जाणता रचनाकार आधी अनावश्यक नक्षी काढतो, लेखकाच्या संमतीने मजकूर आटोपशीर करतो आणि मगच समासाला हात लावतो.

आज ही जुळणी संगणकावर होते. अक्षरांची शेकडो वळणे व हवे ते रंग क्षणात मिळतात. त्यामुळे पान भरून टाकण्याची हौस वाढली आहे. कित्येक जाहिरातींत गडद चित्रावरच बारीक अक्षरे छापलेली दिसतात. ती वाचताना डोळ्यांना ताण पडतो. शिवाय रंगीत छपाईत चार शाया एकावर एक उमटतात. त्यांपैकी एखादी केसभर सरकली, तरी अनेक शायांनी छापलेले बारीक अक्षर धूसर होते. यासाठी बारीक मजकूर शक्यतो एकाच काळ्या शाईत व फिकट पार्श्वभूमीवर घेणे इष्ट असते.

साधने पालटली, तरी वाचकाचे डोळे तेच आहेत. वाचकाने पानाच्या रचनेकडे लक्षही न देता मजकुरात रमून जावे, यातच रचनाकाराच्या श्रमाचे सार्थक असते.

स्वाध्याय
१. देवनागरी ओळींमध्ये पुरेसे अंतर का ठेवावे लागते?
२. १०० पृष्ठांच्या पुस्तकात कोणती अडचण येते?
३. आपल्या गावातील एखादी छापील सूचना पाहा व तिच्यातील कोऱ्या जागेविषयी पाच वाक्ये लिहा.