दुपट्ट्याने न अडणारी धूळ

पश्चिम महाराष्ट्रातील बहुतेक गिट्टी काळ्या बेसाल्टची असते आणि त्या खडकात मुक्त सिलिका, म्हणजे गारगोटीच्या रूपातील स्फटिकी सिलिका, अत्यल्प असते. गोंदिया जिल्ह्याचा भूभाग मात्र प्रामुख्याने ग्रॅनाइट, नाइस आणि साकोली गटातील रूपांतरित खडकांचा असून त्यांत गारगोटीचे प्रमाण बरेच मोठे आहे. त्यामुळे सडक अर्जुनीच्या परिसरात खदानीत छिद्रे पाडणाऱ्या, क्रशरवर दगड टाकणाऱ्या अथवा महामार्गाच्या कामावर काँक्रीट कापणाऱ्या कामगाराच्या श्वासात जाणारी धूळ, दिसायला तशीच असली, तरी फुप्फुसाला अधिक घातक ठरू शकते.

या धुळीपासून बचावासाठी नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळण्याची पद्धत सर्वत्र आढळते; तो ऊन अडवतो, डोळ्यांवर व ओठांवर बसणारा जाड चुरा अडवतो, आणि नेमक्या याच कारणाने फसवतो. फुप्फुसाच्या तळाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचणारे कण साधारणपणे ५ मायक्रॉनहून लहान असतात, तर माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते. असे कण कापडाच्या विणीतून सहज पार होतात आणि जाड धूळ खाली बसल्यानंतरही हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. दुपट्ट्यावर जमलेला पांढरा थर पाहून संरक्षण झाले असे मानणे म्हणूनच चुकीचे आहे, कारण खरा अपाय त्या थरात न अडकलेल्या कणांचा असतो.

वायुकोशातील भक्षक पेशी हे कण गिळतात, परंतु सिलिका त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळे होतात, दाह सुरू राहतो आणि हळूहळू फुप्फुसात कठीण व्रणांच्या गाठी तयार होतात. या विकाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बहुधा दहा किंवा अधिक वर्षांच्या संपर्कानंतर प्रकट होतो, मात्र धूळ फार दाट असल्यास पाच वर्षांच्या आतही होऊ शकतो. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो आणि झालेले व्रण बरे करणारे औषध आज उपलब्ध नाही. अशा फुप्फुसात क्षयरोग लवकर शिरतो, आणि १९९७ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेची गणना मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत केलेली आहे.

उपायांचा क्रम येथे महत्त्वाचा असून तो व्यवहारात नेहमी उलटा लावला जातो: प्रथम मास्क वाटले जातात आणि पाण्याचा फवारा, क्रशरच्या जबड्यावरील आच्छादन, धूळ ओढून घेणारी यंत्रणा यांचा विचार मागाहून होतो. वास्तविक दगड फुटण्याच्या जागीच पाणी मारल्याने जेवढी धूळ कमी होते, तेवढी कोणत्याही मास्कने होत नाही, आणि ही जबाबदारी कामगाराची नसून मालकाची आहे. कोरडा झाडू मारणे आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणे ही दोन कामे तर आजच बंद करता येतील.

एवढे करूनही धूळ उरल्यास भारतीय मानक आयएस ९४७३ चे चिन्ह असलेला एफएफपी-२ वर्गाचा किंवा एन-९५ मास्क वापरावा. त्याचे दोन्ही पट्टे लावावेत, एक डोक्यावरून व दुसरा मानेमागून. नाकावरची पट्टी दाबून बसवावी आणि दोन्ही हातांनी मास्क झाकून जोराने श्वास सोडावा. कडेने हवा निसटत असल्यास धूळही त्याच वाटेने आत येते. दाढीचे खुंटही ही पकड मोडतात. असा मास्क धुवू नये. तो फाटला, ओला झाला किंवा श्वास घेणे जड वाटू लागले की टाकून द्यावा. मे महिन्याच्या उन्हात तो चेहऱ्यावर टिकत नाही ही तक्रार रास्त आहे. अशा वेळी श्वास सोडण्याची झडप असलेला मास्क आणि सावलीत ठरावीक विश्रांती देणे हेच योग्य, कामगाराला दोष देणे नव्हे. गूळ खाल्ल्याने छाती साफ होते ही समजूत धुळीच्या कामांत पक्की रुजलेली आहे, पण गूळ मानवी फुप्फुसातील सिलिका काढतो असे सिद्ध झालेले नाही.

राईस मिलमधील धूळ वेगळ्या जातीची असते. धानाच्या तुसाची राख बहुतांशी सिलिकाच असते आणि अतितप्त भट्टीत तिचा काही भाग स्फटिकी होतो, त्यामुळे बॉयलरची राख कोरडी उपसू नये. ओलसर राहून बुरशी लागलेले तनस किंवा धान हाताळताना उडणाऱ्या धुळीने मात्र दुसराच विकार उद्भवतो: कामानंतर चार ते आठ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला आणि धाप लागते. मलेरियाच्या या जिल्ह्यात असा ताप सहज मलेरिया समजला जातो. रक्ताची तपासणी अवश्य करावी, पण ती निर्दोष आली आणि ताप दर वेळी मळणीनंतरच येत असला, तर ते डॉक्टरांना सांगावे.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करावा, आणि क्षयरोगाचे औषध घेऊनही धाप कमी होत नसल्यास कोणत्या कामावर किती वर्षे गेली हे केसपेपरवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. सिलिकोसिस हा कायद्याने सूचनीय आजार आहे, म्हणजे निदान करणाऱ्या डॉक्टरवर तो शासनाला कळवण्याचे बंधन आहे. परंतु नुकसानभरपाई मागताना कामाचा पुरावा लागतो आणि रोजंदारीवरील कामगाराकडे तोच नसतो. दगड फोडणे व त्याचा चुरा करणे ही कामे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या यादीत असल्याने, वर्षात ९० दिवस काम झालेल्यांनी तेथे नोंदणी करून ते कागद जुन्या एक्स-रेसोबत जपून ठेवावेत.